कविसमय आणि मृगाचा पाऊस

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला जो पूर आला, त्याने अकोट्यातील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही तळमजल्याचा समाचार घेतला. पाणी ओसरल्यावर भिजलेली पुस्तके गच्चीवर वाळत घातली. त्यांत ‘गायकवाड ओरिएंटल सीरीज’चा पहिला ग्रंथ होता : राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. 1916 साली चि. डा. दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री यांनी संपादिलेला हा ग्रंथ आमच्या बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. चिकटलेली पाने हलक्या हाताने सोडविताना जो अध्याय प्रथम उलगडला तो अठरावा, कालविभागाचा. कवीने ऋतूंचे वर्णन कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. पावसाने चिंब केलेल्या पानांवर पावसाचे शास्त्र वाचण्याचा हा योग आम्ही काही मागून घेतला नव्हता. तथापि वाचता वाचता जे विचार सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय साहित्याचा दिसला तरी त्याची वाट भाताच्या खाचरातून जाते, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवरचा, कनोजच्या प्रतिहारांच्या आश्रयाचा कवी. परंतु कुळ यायावरांचे, आणि त्या कुळाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध. आपल्या पणजोबांना तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. या पणजोबांचे नाव अकालजलद, म्हणजे अवेळी आलेला मेघ. ज्या घराण्यात अवेळच्या मेघाचे नाव भूषण म्हणून मिरविले, त्याच घराण्यातील पणतूने मेघांचे वेळापत्रक बांधून द्यावे, ही मौज आहे. आमचा अकोटा त्या काळी लाट देशात मोडे. 812 साली राष्ट्रकूट कर्कराजाने वटपद्रक, म्हणजेच आजचे बडोदे, दान दिले, तेव्हा ते ‘अंकोट्टक चौर्‍याऐंशी’तले एक गाव होते, आणि अंकोट्टक म्हणजे हाच अकोटा. आज अकोटा बडोद्याचे उपनगर म्हणवतो. तेव्हा हिशेब उलटा होता. लाटांविषयी राजशेखराचे मत असे, की ते प्राकृत मोठ्या गोडीने म्हणतात, संस्कृताशी मात्र त्यांचे वाकडे. या गावी राहून त्याच्या संस्कृत ग्रंथावर मराठीत टीका करणे म्हणजे त्याचे म्हणणे थोडेफार खरे करून दाखविणेच झाले.

या अध्यायाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. वर्ष चैत्रापासून धरावे हे दैवज्ञांचे मत आणि श्रावणापासून धरावे हे लोकव्यवहार जाणणार्‍यांचे मत, अशी दोन्ही मते तो नोंदवितो आणि ऋतूंचा आरंभ वर्षेपासून करतो. प्रत्येक ऋतूच्या चार अवस्था तो मानतो : संधी, शैशव, प्रौढी आणि अनुवृत्ती. मागच्या ऋतूची काही चिन्हे पुढच्या ऋतूतही रेंगाळतात, ती अनुवृत्ती. इतके बारीक निरीक्षण करणारा मनुष्य आंधळा संकेतपूजक असेल असे कोणी म्हणणार नाही. आणि तरीही वार्‍यांच्या प्रकरणात तो एक असा निर्णय देतो, की वाचताना आम्ही थबकलो. पावसाळ्यात पूर्वेचा वारा वर्णावा, हा कवींचा संकेत. पूर्वेचा वारा पावसाचा घात करतो, असे आचार्यांचे म्हणणे. राजशेखर आचार्यांचे म्हणणे खोडून काढीत नाही. तो एवढेच म्हणतो, की येथे वस्तुस्थिती बंधनकारक नाही, कविसमय हेच प्रमाण. निरनिराळ्या देशांत पदार्थांची रूपे निराळी आढळतात हेही त्याला ठाऊक आहे. कवीने मात्र पूर्वकवींनी बांधून दिले तसेच बांधावे, असा त्याचा आग्रह आहे.

काव्यापुरता हा निर्णय आम्हांस मान्य आहे. बा. भ. बोरकरांनी मराठीत आणि कोंकणीत जो पाऊस पाडला, तो त्या वर्षी पणजीच्या पर्जन्यमापकात किती भरला हे विचारणारा रसिक नव्हे. कालिदासाचा मेघ यक्षाला आषाढाच्या पहिल्या दिवशी दिसला की शेवटच्या, हा वाद टीकाकारांत पुरातन आहे. काश्मीरच्या वल्लभदेवाचा पाठ मासाच्या अखेरीचा. मल्लिनाथ पहिल्या दिवसाच्या बाजूचा. एका अक्षराच्या पाठभेदाने पाऊस एक महिना मागेपुढे होतो आणि काव्याच्या गोडीत फारसा फरक पडत नाही. ज्याला जो पाठ रुचेल तो त्याने घ्यावा.

पण हाच महिना शेतात नेऊन पाहा. तरव्यात टाकलेले भाताचे रोप 21 ते 25 दिवसांत लावणीला येते. पाऊस लांबला, चिखलणी झाली नाही आणि रोप चाळीस-पंचेचाळीस दिवस तरव्यातच उभे राहिले, की ते जून होते. मग त्याला फुटवे कमी येतात आणि लोंब्या आखूड राहतात. यक्षाच्या मेघाचा एक महिना हा भाताच्या रोपाच्या सबंध बालपणाहून मोठा आहे. तेथे पाठभेदाला जागा नाही.

आमचा आक्षेप राजशेखरावर नाही. कवीसाठी त्याने जी सवलत मागितली ती पुढे न मागता दुसर्‍या एका ग्रंथाने घेतली, आणि तो ग्रंथ आपणा सर्वांच्या घरी खुंटीला टांगलेला आहे. आम्ही पंचांगाविषयी बोलत आहोत. पाडव्याला देवळात पंचांगवाचन होते, संवत्सरफल सांगितले जाते, पर्जन्याचे भाकीत ऐकून मंडळी माना डोलावतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. तिथी, ग्रहणे, संक्रमणे यांविषयी पंचांगाचे गणित चोख असते. वेंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांच्या काळापासून ते अधिक चोख व्हावे म्हणून मोठे वाद झाले, ते उगाच नव्हेत. आम्ही परीक्षा करणार आहोत ती त्यातील पावसाच्या पानाची. एखाद्या कादंबरीची करतो तितक्याच गांभीर्याने ती करावयास हवी, कारण या पानाचा वाचकवर्ग कोणत्याही कादंबरीहून मोठा आहे.

पानाचा मजकूर सर्वांना ठाऊक आहे. सूर्य मृगात, आर्द्रात, पुनर्वसूत कधी शिरतो, आणि त्या त्या नक्षत्राचे वाहन कोणते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागावे. जी बाकी उरेल तीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक निघतो. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर पाऊस भरपूर. या गणितात सूर्य आहे, चंद्र आहे. समुद्र नाही, वारा नाही, आणि मुख्य म्हणजे गावच नाही. बडोद्याला वर्षाकाठी सुमारे 90 सेंटिमीटर पाऊस, गोव्यात त्याच्या तिपटीहून अधिक, आणि दोहोंसाठी बेडूक एकच. पुढे ‘मध्यम वृष्टी’, ‘खंडवृष्टी’, ‘काही भागांत समाधानकारक’ अशी शब्दयोजना येते. टीकाकार म्हणून आम्हांस हिचा दोष स्पष्ट दिसतो : ही वाक्ये चुकूच शकत नाहीत. जे वाक्य चुकू शकत नाही त्यावर बी टाकण्याचा निर्णय घेता येत नाही.

हे आमच्या परंपरेचेच रूप आहे, तीवर टीका कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु परंपरा याहून जुनी आहे आणि या पानाहून पुष्कळ कडक आहे. कौटिल्याने कोठारात हातभर तोंडाचे पर्जन्यपात्र ठेवावयास सांगितले. निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान त्याने निरनिराळे दिले : अश्मकाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस, आणि आपल्या अपरांताला, म्हणजे कोंकणाला, अमित. ज्या लेखकाने कोंकणापुढे आकडा न लिहिता ‘अमित’ लिहिले, त्याने कोंकणचा पाऊस ऐकला तरी होता किंवा सोसला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की एकूण पाऊस किती याशी तो थांबत नाही. चातुर्मासाच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश, मधल्या दोहोंत दोन तृतीयांश, हे चांगले पर्जन्य. सात-सात दिवसांच्या तीन झडी, पुष्कळशी भुरभुर आणि मधून मधून ऊन हे शेतीला हितकर, असे तो सांगतो. पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडला याला मोल आहे, हे अर्थशास्त्राला कळले होते.

वराहमिहिराकडे या. मेघांचे गर्भ मार्गशीर्षापासून राहतात आणि 195 दिवसांनी प्रसवतात, हा त्याचा सिद्धांत आज टिकणार नाही. पण तो सिद्धांत सांगताना त्याने दैवज्ञाला एक अट घातली आहे : जो रात्रंदिवस चित्त लावून ही लक्षणे पाहील त्याचेच वचन खोटे ठरणार नाही. पर्जन्य मोजण्यासाठी त्याने पात्र सांगितले आणि पन्नास पळांचा आढक हे परिमाण दिले. आता काही पंचांगांत संवत्सरफलात इतके आढक पर्जन्य, त्यातील इतका भाग समुद्रावर, इतका पर्वतावर, असे अद्याप छापलेले असते. पाऊस पडून गेल्यावर पात्रात मोजावयाचे जे माप, ते पाऊस पडण्यापूर्वी वाचावयाचा आकडा होऊन बसले. पात्र कोठे गेले, हे कोणी विचारीत नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्या ज्योतिषांना उत्तम ठाऊक आहे, पण पाडव्याच्या दिवशी तिची वाच्यता होत नाही. आपली गणना निरयन आहे. अयनचलनामुळे नक्षत्रप्रवेश ऋतूच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. आज सूर्य 7-8 जूनला मृगात जातो; वराहमिहिराच्या काळी तो ऋतुमानाने सुमारे तीन आठवडे आधी जात असे. टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांत मृगाच्या दिवसाचेच काही दिवसांचे अंतर पडते, ते अयनांशांच्या याच वादामुळे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने 1955 च्या अहवालात हे सर्व मांडले आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सायन झाली. देवळांत ती पोचली नाही. कोंकणीत ज्याला मिरग म्हणतात तो पावसाचा सनातन मुहूर्त असे आपण धरून चाललो, पण तो कधीच स्थिर नव्हता.

सायन गणना स्वीकारली की प्रश्न सुटेल, असे मात्र समजू नये. यवद्वीपात, म्हणजे आजच्या जावात, शेतकर्‍यांचे ‘प्रणत मंगसा’ नावाचे पंचांग आहे. सुराकार्ताच्या सातव्या पाकुबुवोनोने 1855 साली त्याला निश्चित रूप दिले. ते सौर वर्षाला जखडलेले आहे, 22 जूनला सुरू होते, म्हणजे सरकण्याचा दोष त्यात नाही. आपण ज्या तारकासमूहात मृग पाहतो त्यात ते लोक नांगर पाहतात. त्यांचेही भात पावसावर, आणि त्यांचीही तक्रार हीच, की नांगर वेळेवर उगवतो, पाऊस उगवत नाही. आता पाऊसच आपली जागा सोडू लागला आहे.

याचे पुरावे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतून आले. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकारी यांनी 2006 साली दाखविले, की 1951 ते 2000 या अर्धशतकात मध्य भारतात मोसमाचा एकूण पाऊस जवळपास तेवढाच राहिला. पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले. रॉक्सी कोल आणि सहकारी यांनी 2017 साली दाखविले, की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात दूरवर पसरणार्‍या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. कारण गूढ नाही. अरबी समुद्र तापत आहे, आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. बेरीज तीच राहिली आणि वाटणी बिघडली. कौटिल्याच्या कसोटीवर हे पर्जन्य चांगले ठरणार नाही.

अकोट्यात बसून हे अंक वाचण्याची गरज पडत नाही. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 50 सेंटिमीटर पाऊस पडला, म्हणजे वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक वाटा चोवीस तासांत. 2024 चा पूर तर आमच्या पुस्तकांनी पाहिलाच. त्या पुराचे कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडून, मध्य प्रदेश-राजस्थानावरून सरकत आले होते. येथे राजशेखराची क्षमा मागितली पाहिजे : पूर्वेचा वारा पाऊस आणतो हा कवींचा संकेत या प्रांतापुरता अगदीच खोटा नाही. कोंकणात पश्चिमेचा वारा पावसाचा, गुजरातेत पूर्वेकडून येणारे क्षेत्र पावसाचे. दोघे आपापल्या गावचे खरे सांगत होते.

शहरात पुराची चर्चा मगरींनी व्यापली. पिकांचे काय झाले हे डभोई-वाघोडियाकडे गेल्यावर कळते. भात पाणी सोसतो, पण बुडून दम कोंडेपर्यंत नव्हे. शेंडा आठवडाभर पाण्याखाली राहिला तर साधी जात कुजते. बाजरीचे दुखणे निराळे. ती फुलोर्‍यात असता झड लागली तर पराग धुऊन जातो, कणसे पोकळ राहतात आणि वर अरगट रोग. गुजरातेत उन्हाळी, ओलिताच्या बाजरीचा पेरा वाढला त्याच्या कारणांत हेही एक आहे. जे पीक कोरडवाहूचे, गरिबाचे, ते पाणी विकत घेणार्‍याचे होत चालले.

कोंकणातील वाचकांना 2025 चे वर्ष सांगावयास नकोच. पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. सूर्य नुकता रोहिणीत शिरला होता. मेच्या अखेरीस कोरड्या जमिनीत धूळवाफ करावयाची, बी टाकावयाचे आणि मृगाच्या सरीने ते रुजवावयाचे, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत. धूळच उरली नाही तर धूळवाफ कसली? वाफसा येईना, नांगर चालेना. आणि मग मोसमाची वाटचाल मे संपता संपता थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. रोहिणीने मृगाचे काम केले आणि मृगाने सुटी घेतली.

शेवटाची कथा आरंभाहून वाईट. शेवटचा पाऊस दगा देतो म्हणून भरडावर हळव्या जातींचे भात घ्यावे, ते सप्टेंबरअखेर पदरात पडते, हा सल्ला शहाणपणाचा होता आणि शेतकर्‍यांनी तो मानला. पण आता परतीचा पाऊस रेंगाळतो. खुद्द भारतीय हवामान खात्याने 2020 साली आपल्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. म्हणजे हळवे भात पिकते तेव्हा पाऊस अजून डोक्यावर असतो. 2019 च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ वादळाच्या वेळी कोंकणात कापून आडवे घातलेले भात पाण्यात तरंगले आणि दाण्यांना मोड आले. राजशेखराची अनुवृत्ती ती हीच. वर्षेची चिन्हे शरदात रेंगाळली. त्याच्या ग्रंथात ती शोभेची बाब आहे.

आश्विनात आपल्या दारांवर आणि देवळांत नवे बांधतात. नवान्नाच्या पौर्णिमेला नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. ज्या देवस्थानांना पूर्वी शेतांचा खंड भातानेच येई, त्यांना या सणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे. लोंबी भिजून काळी पडली किंवा अजून हिरवीच राहिली, तर बाजारातून मागच्या वर्षीचा तांदूळ आणून नवान्न साजरे होते. होतेही. येथेही वस्तुस्थिती बंधनकारक नाही, संकेत प्रमाण. देव रागावत नसेल. पण तो दाणा ज्याच्या शेतात रुजून वाया गेला त्याच्याकडे त्या दिवशी कोण पाहते?

निःपक्षपातासाठी वेधशाळेलाही एक शब्द ऐकवावा लागेल. देशभराची मिळून सुमारे 87 सेंटिमीटर ही सरासरी आणि तिच्या इतके टक्के पाऊस, हे दरवर्षीचे भाकीत वृत्तपत्रे मोठ्या अक्षरांत छापतात. 2019 साली हंगाम सरासरीच्या 110 टक्के झाला आणि सर्वांनी समाधान मानले. त्या वर्षी जूनमध्ये 33 टक्के तूट होती, सप्टेंबरात 52 टक्के आधिक्य. पेरणीला पाणी नाही आणि कापणीला नको तितके. सबंध देशाचा एक आकडा आणि सबंध महाराष्ट्राचा एक बेडूक यांत जातकुळीचे साम्य आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की खाते आपला आकडा हंगामाअंती तपासते आणि चुकला तर चुकला असे लिहून ठेवते. शिवाय जिल्हावार कृषिसल्लाही दर मंगळवारी व शुक्रवारी काढते, ज्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष कमी असते.

लोकवचनांचीही अशी तपासणी होऊ शकते. जुनागढच्या कृषी विद्यापीठात प्रा. कनानी यांनी 1990 नंतरच्या दशकात भडलीची वचने, तीच आपली सहदेव-भाडळीतली भाडळी, गोळा करून प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहिली. बहावा भरात फुलल्यापासून सुमारे 45 दिवसांनी पाऊस, अशा खुणा त्यांनी शेतकर्‍यांबरोबर वर्षानुवर्षे नोंदविल्या. कोणती वचने टिकली, कोणती पडली, हा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. भाडळीला त्यांनी परीक्षेस बसविले, यात तिचा अनादर झाला असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही ज्या देवळात जातो तेथील मंडळींपुढे गेल्या पाडव्याला आम्ही एक सूचना मांडली : पर्जन्याचे पान वाचावे, पण त्याच्या शेजारी गेल्या वर्षी कोणत्या नक्षत्रात प्रत्यक्ष किती पाऊस पडला तेही वाचावे, त्यासाठी देवळाच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता तो कोणीतरी पाहावा. ज्यांची गावी शेती आहे त्यांना ती पटली. काहींना ती पंचांगाची उलटतपासणी वाटली. वृद्ध भटजींनी शांतपणे विचारले, की मग आढक वाचावयाचे की मिलिमीटर? आम्ही म्हटले, दोन्ही. तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘आणि सकाळी साडेआठला, भर आषाढात, छत्री घेऊन अंगणात जाणार कोण?’’ त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.